विश्लेषण : नाशिकची व्हाइट वाइन ताजी कशी राहते? लुई पाश्चर यांच्या आयुष्यात दडलेले उत्तर

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द घराघरांत रोज सकाळी डोळ्यांखालून जातो. हा शब्द लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून आला, हेही शाळेत शिकवले जाते. मात्र ज्या उष्णतेच्या पद्धतीला त्यांचे नाव मिळाले, ती त्यांनी दुधासाठी नव्हे, तर वाइनसाठी शोधली होती. आज नाशिकच्या वायनऱ्यांत तयार होणारी हलकी, ताजी व्हाइट वाइन सहसा तापवली जात नाही. तरीही ती बाटलीत बिघडत नाही, तिचा आंबटपणा आणि वास टिकतो, यामागचे ज्ञान पाश्चर यांचेच आहे. त्यासाठी त्यांनी काय केले, त्या वर्षांत त्यांच्या घरात काय घडत होते आणि ही वाइन कोणत्या पदार्थांबरोबर जमते, याचा हा आढावा.

नाशिकची हलकी व्हाइट वाइन म्हणजे काय?

नाशिक परिसरात पांढऱ्या वाइनसाठी प्रामुख्याने दोन फ्रेंच वाणांची द्राक्षे घेतली जातात : शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये या वाणांची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. पुढे दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत इतर वायनऱ्याही उभ्या राहिल्या.

शेनिन ब्लाँची वाइन किंचित गोडसर आणि फळांच्या वासाची असते. सोव्हिन्याँ ब्लाँची वाइन कोरडी असते, म्हणजे तिच्यात साखर जवळपास उरलेली नसते. तिला पेरू, हिरवे गवत, ढोबळी मिरची यांच्या जवळ जाणारा वास असतो. दोन्हींत मद्यार्काचे प्रमाण साधारण ११ ते १३ टक्के असते. या वाइन वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नसतात. तोडणीनंतर वर्ष-दोन वर्षांत त्या संपवाव्यात, असे मानले जाते, कारण ताजेपणा हाच त्यांचा मुख्य गुण आहे.

युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. नाशिकमध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास अशा दोन छाटण्या होतात आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चदरम्यान येते. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. निफाडचा पारा एक अंकी झाल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते. अशा थंड रात्रींमुळे मण्यांतले आम्ल टिकते. दिवसा मात्र ऊन चढते. त्यामुळे तोडलेल्या द्राक्षांचा ताजेपणा राखण्याची घाई सुरू होते.

पाश्चर यांचे द्राक्षांशी नाते कसे जुळले?

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत आणि त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. लुई लहान असतानाच कुटुंब आर्ब्वा या गावी स्थायिक झाले. ज्युरा भागातले आर्ब्वा आजही वाइनसाठी ओळखले जाते. पिंपळगाव किंवा ओझरच्या मुलाला जसा द्राक्षांचा हंगाम वेगळा समजावून सांगावा लागत नाही, तसेच पाश्चर यांचेही होते.

शाळेत ते फार चमकणारे विद्यार्थी नव्हते. चित्रकला मात्र उत्तम होती. किशोरवयात त्यांनी आईवडिलांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची रंगीत खडूंनी काढलेली व्यक्तिचित्रे आजही जपलेली आहेत. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठवले, पण घरच्या ओढीने ते काही आठवड्यांत परतले. पुढे पुन्हा तयारी करून १८४३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या प्रसिद्ध ‘एकोल नोर्माल’ या संस्थेत प्रवेश मिळवला. ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते, डॉक्टर नव्हते. वैद्यकशास्त्र बदलून टाकणाऱ्या या माणसाकडे वैद्यकीय पदवी कधीच नव्हती.

वाइनच्या आंबटपणात त्यांना काय सापडले?

पाश्चर यांचा पहिला मोठा शोध द्राक्षांतल्या आम्लाशी निगडित होता. द्राक्षात टार्टरिक आम्ल असते. चिंचेतही तेच मुबलक असते. वाइन थंड झाली की या आम्लाचे क्षार पिंपाच्या किंवा बाटलीच्या तळाशी खड्यांसारखे जमतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या व्हाइट वाइनच्या तळाला काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले, तर अनेकांना बाटली खराब निघाली असे वाटते. प्रत्यक्षात ते निरुपद्रवी क्षार असतात.

अशाच क्षारांचे दोन प्रकार तेव्हाच्या रसायनतज्ज्ञांना कोड्यात टाकत होते. दोन्हींची घटकद्रव्ये सारखी, पण एकाच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश वळून बाहेर पडायचा आणि दुसऱ्याच्या द्रावणातून सरळ जायचा. १८४८ मध्ये २५ वर्षांच्या पाश्चर यांनी दुसऱ्या प्रकारचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत दोन जाती होत्या. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, तसे ते स्फटिक होते. पाश्चर यांनी ते एकेक करून वेगळे केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने डावीकडे. रेणूंनाही आकार असतो आणि त्या आकाराने गुणधर्म बदलतात, हे त्यातून पुढे आले. आजच्या औषधनिर्मितीत हा विचार पायाभूत मानला जातो.

द्राक्षरसाची वाइन कोण करते?

१८५४ मध्ये पाश्चर लिल या औद्योगिक शहरात विज्ञान विद्याशाखेचे प्रमुख झाले. १८५६ मध्ये तिथले बिगो नावाचे एक कारखानदार अडचण घेऊन आले. बिटाच्या रसापासून मद्यार्क बनवताना त्यांच्या काही टाक्या आंबूस होऊन वाया जात होत्या. पाश्चर यांनी टाक्यांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. बिघडलेल्या टाकीत त्यांच्याऐवजी बारीक कांड्यांसारखे जीव दिसत होते.

त्या काळात जर्मनीचे यूस्टुस फोन लीबिग यांच्यासारखे दिग्गज रसायनतज्ज्ञ आंबण्याला केवळ कुजण्याची रासायनिक क्रिया समजत. यीस्ट जिवंत असते, असे काही शास्त्रज्ञांनी आधीच सुचवले होते, पण तो विचार रुजला नव्हता. १८५७ पासून पुढच्या काही वर्षांत पाश्चर यांनी प्रयोगांमागून प्रयोग मांडून दाखवले की आंबण्याची क्रिया जिवंत सूक्ष्मजीव घडवतात आणि प्रत्येक सूक्ष्मजीवाचे काम वेगळे असते. यीस्ट साखरेपासून मद्यार्क तयार करते, तर दुसरे जीव दूध आंबवणारे आम्ल तयार करतात. काही जीव हवेशिवायही जगतात, हेही त्यांनी दाखवले.

इडलीचे पीठ फुगते, दुधाचे दही लागते, पण उघडी राहिलेली भाजी नासते. या तिन्हींत सूक्ष्मजीवच काम करतात. फरक पडतो तो कोणता जीव वरचढ ठरला यावर. वाइनचेही तसेच आहे.

वाइन बिघडते कशामुळे?

१८६० मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये व्यापार करार झाला आणि फ्रेंच वाइनला मोठी बाजारपेठ खुली झाली. पण वाटेतच वाइन आंबणे, कडू होणे, तेलासारखी चिकट होणे असे प्रकार होत. १८६३ मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन यांनी पाश्चर यांना या प्रश्नात लक्ष घालण्यास सांगितले. पाश्चर त्यासाठी लहानपणीच्या आर्ब्वा गावी परतले. आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी गावातल्या एका जुन्या कॅफेच्या खोलीत तात्पुरती प्रयोगशाळा थाटली आणि ओळखीच्यांच्या तळघरांतून बिघडलेल्या वाइनचे नमुने गोळा केले.

वाइनचा प्रत्येक ‘आजार’ वेगळ्या सूक्ष्मजीवामुळे होतो, असा निष्कर्ष निघाला. कडू वाइनमध्ये एक जीव दिसे, आंबलेल्या वाइनमध्ये दुसरा. मग पाश्चर यांनी बंद बाटलीतली वाइन सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाहिली. उकळण्याच्या बऱ्याच खालच्या या तापमानाला बिघाड करणारे जीव मरत आणि चवही फारशी बदलत नसे. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले, पण ते सर्वांना वापरता यावे म्हणून खुले ठेवले. पुढे फ्रेंच नौदलाने ‘जाँ बार’ या जहाजावर ५०० लिटर वाइन पाठवून चाचणी घेतली. निम्मी तापवलेली होती, निम्मी नव्हती. दहा महिन्यांच्या सफरीनंतर तापवलेली वाइन चांगली राहिली आणि दुसरी आंबटाकडे झुकली.

त्या वर्षांत घरात काय घडत होते?

वाइनवरच्या संशोधनाचा काळ पाश्चर यांच्या घरासाठी अतिशय कठीण होता. १८४९ मध्ये त्यांचा मारी लोराँ यांच्याशी विवाह झाला. दाम्पत्याला पाच मुले झाली. थोरली मुलगी जान १८५९ मध्ये आर्ब्वा येथेच टायफॉइडने गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय दगावली. १८६६ च्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसिल टायफॉइडनेच गेली. वाइनवरचा पाश्चर यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून जिवाणूमुळे पसरतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. हा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तो १८८० मध्ये. म्हणजे वाइनचा आजार ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलींचा आजार ओळखण्याचे साधन उपलब्ध नव्हते. मारी या दुःखातही पतीची टिपणे लिहून घेत आणि प्रयोगांच्या चर्चेत भाग घेत. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. डावी बाजू कायमची दुबळी झाली, तरी प्रयोगशाळा सुटली नाही.

१८७८ मध्ये ते पुन्हा आर्ब्वाच्या द्राक्षबागेत दिसतात. क्लोद बर्नार या मित्राच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत, यीस्टशिवायही द्राक्षरस आंबतो, असा दावा होता. पाश्चर यांनी द्राक्षे पिकण्याआधीच काही वेलींवर काचघरे उभारली आणि घड कापसात गुंडाळले. हंगामात ते घड कुस्करले, तेव्हा रस आंबलाच नाही. यीस्ट मण्याच्या आत तयार होत नाही, ते बाहेरून येते, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

मग आज नाशिकची व्हाइट वाइन का तापवत नाहीत?

उष्णतेने सूक्ष्मजीव मरतात, पण हलक्या व्हाइट वाइनचा नाजूक वासही उडतो. दुधाला ती किंमत परवडते, शेनिन ब्लाँला परवडत नाही. म्हणून आजच्या वायनऱ्या पाश्चर यांचे निदान स्वीकारतात, पण उपाय बदलतात.

द्राक्षे शक्यतो रात्री किंवा पहाटे, गारव्यात तोडली जातात. वायनरीत ती लगेच दाबून रस सालींपासून वेगळा करतात. रस स्टीलच्या टाकीत जातो. टाकीभोवती थंड द्रव फिरवून तापमान साधारण १२ ते १६ अंशांदरम्यान ठेवतात. सालीवरच्या यीस्टवर विसंबून न राहता बहुतेक ठिकाणी निवडलेले यीस्ट मिसळले जाते, म्हणजे नको तो जीव वरचढ होत नाही. अल्प प्रमाणात सल्फर डायऑक्साइड वापरून जिवाणूंना आणि हवेच्या परिणामाला रोखले जाते.

काही वाइनमध्ये जिवाणूंकरवी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. ताज्या व्हाइट वाइनमध्ये ते मुद्दाम टाळतात, कारण त्याने तिचा टवटवीत आंबटपणा कमी होतो. शेवटी वाइन खूप थंड करून टार्टरिक आम्लाचे खडे खाली बसवतात आणि अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून ती बाटलीत भरतात. टाकी, पाइप, झडपा यांची स्वच्छता हे वायनरीतले रोजचे मोठे काम असते. एका अस्वच्छ पाइपमुळे शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल व्हिनेगरच्या वाटेने जाऊ शकतो.

ही वाइन कोणत्या पदार्थांबरोबर जमते?

मराठी ताटात लिंबाची फोड डाव्या बाजूला वाढतात. आमटीत चिंच किंवा कोकम पडते, माशाबरोबर सोलकढी लागते. तेलकट, तिखट किंवा पिठूळ पदार्थाला आंबटपणा मोकळे करतो, तोंडाला पाणी सुटते आणि पुढचा घास हवासा वाटतो. हलक्या व्हाइट वाइनचे आम्ल ताटात नेमके हेच काम करते.

म्हणून कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, बोंबील किंवा पापलेट फ्राय असे तळलेले पदार्थ तिच्याबरोबर चांगले लागतात. पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी सोव्हिन्याँ ब्लाँच्या हिरवट वासाशी जुळते. तोडणीच्याच दिवसांत येणारा ज्वारीचा हुरडा, लसणाची चटणी आणि दही हाही सोपा मेळ आहे. पनीर, काकडीची कोशिंबीर, ओल्या काजूची उसळ यांसारख्या सौम्य पदार्थांवर ती कुरघोडी करत नाही.

नाशिकच्या तर्रीदार मिसळीबाबत थोडे सांभाळावे लागते. मद्यार्काने तिखटाचा जाळ वाढतो. त्यामुळे कोरड्या वाइनपेक्षा किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ बरी पडते. काळ्या मसाल्याच्या मटणापुढे मात्र हलकी व्हाइट वाइन हरवून जाते. पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन लागते.

बाटली साधारण ८ ते १० अंशांपर्यंत थंड करावी. घरच्या फ्रिजमध्ये दोन-तीन तास पुरतात. ग्लासात बर्फ घातल्यास चव पातळ होते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी, कारण बाटलीत हवा शिरली की बिघाड सुरू होतो.

वाइनपासून लशीपर्यंतचा प्रवास कसा झाला?

वाइनला जंतूंमुळे आजार होत असतील, तर जनावरांना आणि माणसांना का नाही, या दिशेने पाश्चर यांचे उत्तरायुष्य गेले. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे मेंढ्यांवर फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, या रोगाच्या लशीची जाहीर चाचणी झाली. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर रेबीजचे उपचार सुरू झाले आणि तो वाचला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली.

याच संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली.

पाश्चर यांच्याबद्दल आक्षेप कोणते?

पाश्चर यांच्या वह्या संशोधकांना खुल्या झाल्यानंतर काही अप्रिय बाबीही समोर आल्या. अँथ्रॅक्सच्या जाहीर चाचणीत वापरलेली लस, लोकांचा समज होता त्या पद्धतीने नव्हे, तर त्यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांच्या रासायनिक पद्धतीने बनवलेली होती, हे इतिहासकार जेराल्ड गीसन यांनी १९९५ मध्ये मांडले. रेबीजच्या उपचारांपूर्वी पुरेसे प्रयोग झाले होते का, यावरही चर्चा झाली.

पाश्चर वाइनला आरोग्यदायी पेय मानत. शहरांचे पाणी दूषित असण्याच्या काळातले ते मत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. वाइन हलकी असली तरी तिच्यातला मद्यार्क तोच असतो.

लुई पाश्चर यांचे २८ सप्टेंबर १८९५ रोजी निधन झाले. हा दिवस आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर काही दिवसांतच नाशिकच्या बागांमध्ये ऑक्टोबर छाटणीची लगबग सुरू होते. त्या छाटणीतून येणारे घड पुढे वायनरीत पोहोचतात, तेव्हा रसात कोणता जीव वाढू द्यायचा आणि कोणाला रोखायचे, हे आर्ब्वाच्या त्या जुन्या कॅफेत मिळालेल्या उत्तरानेच ठरते.